समुद्रातल्या बेटावरची गोड बाव

कुणी भाकरी थापत असाल, कुणी शेळीला पाला टाकत असाल, रेडिओचा आवाज जरा मोठा करा. आज हप्ता नाही, दशसूत्री नाही, बँकेची केवायसी नाही. आज मी तुम्हाला समुद्रात घेऊन जाणार आहे.

आपल्या बीड जिल्ह्याला समुद्र नाही, हे काही मी सांगायला नको. आपल्याला बेट माहीत आहे ते बीड शहरातलं कंकालेश्वराचं देऊळ. तळ्याच्या मधोमध दगडी देऊळ आणि चारी बाजूंनी पाणी. महाशिवरात्रीला दर्शनाला गेलेल्या बायांना ते ठाऊक असेल. पण चारी बाजूंनी नजर जाईल तिथवर पाणी, आणि त्यातला एक थेंब पिता येत नाही, असं बेट आमच्या गटातल्या बायांनी या महिन्यात पहिल्यांदा पाहिलं. मालवणचा सिंधुदुर्ग किल्ला.

वडवणी तालुक्यातल्या दोन गावांतल्या आम्ही एकवीस जणी गेलो होतो. त्यातल्या चौदा जणी ऊसतोडीला जाणाऱ्या. दिवाळी झाली की गाव सोडायचं आणि गुढीपाडव्याच्या आसपास परत यायचं. म्हणजे सहल काढायची तर परत आल्यानंतर आणि पावसाच्या आत. मे संपत आला की समुद्र खवळतो, किल्ल्याच्या होड्या बंद होतात, त्या पावसाळा सरेपर्यंत बंदच. शिवाय मे म्हणजे लग्नसराई. एकीच्या पुतणीचं, दुसरीच्या भाच्याचं करता करता तारीख ठरवायलाच आम्हाला तीन बैठका लागल्या.

पैशाचं आधीच सांगते, कारण बाया पहिला प्रश्न तोच विचारतात. गटाच्या बचतीला आम्ही हात लावला नाही. त्या पैशावर कर्ज फिरतं, ते सहलीला नाही. सहलीसाठी वेगळी भिशी धरली होती, महिन्याला पन्नास रुपये, दोन वर्षं. एकीचे बाराशे झाले. एसटीत 17 मार्च 2023 पासून बायांना अर्धं तिकीट आहे, त्यामुळे एवढ्यात भागलं. आमच्यातल्या एका आजींनी तर पंच्याहत्तरी ओलांडलेली. त्यांना तिकीटच नाही. त्या सगळ्यांना सांगत होत्या, “सरकार मला फुकट नेतंय, तुम्ही आपापलं बघा.”

घरचा विरोध झाला का? झाला की. “तिकडं कोण बसलंय तुमचं?” हा पहिला प्रश्न. एका सासूबाईंनी विचारलं, देवाला चाललात का? देवाला म्हटलं असतं तर कुणी अडवलं नसतं. पण आमच्या अध्यक्षताई खोटं बोलायला तयार नव्हत्या. म्हणाल्या, “देवाला नाही, बघायला चाललोय.” सहा महिने दुसऱ्या जिल्ह्यात कोपीत राहायला बाईला घरून कुणी अडवत नाही आणि तीन दिवस बघायला जायला मात्र अडवतात, हे मला अजून समजलेलं नाही. पाच जणी शेवटच्या दिवशी गळाल्या. त्यांचे पैसे भिशीत तसेच ठेवलेत, पुढल्या खेपेला.

बीडहून सोलापूर, पंढरपूर, मिरज, कोल्हापूर. हा रस्ता आमच्या बायांना पाठ. खिडकीतून बोटं दाखवणं चाललेलं. “हा बघ, इथं माझा धाकटा झाला.” “ह्या कारखान्याच्या मागं आमची टोळी होती, पाणी दीड कोसावरून.” त्या रस्त्यानं त्या दरवर्षी जातात, पण ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत, भांड्याकुंड्यांवर, कोंबड्यांसकट बसून. एसटीच्या सीटवर, हातात कोयता नसताना, तोच रस्ता त्यांना वेगळा दिसला. कोल्हापूरच्या पुढं मात्र सगळं नवं. घाट उतरला तशी हवा बदलली, अंगाला चिकचिक सुटली, लाल माती दिसायला लागली.

आता होडीचं. मालवणच्या धक्क्यावरून किल्ला समोरच दिसतो, जायला दहा-पंधरा मिनिटं. पण दहा मिनिटं असोत की दहा तास, लाईफ जॅकेट घातल्याशिवाय होडीत पाय ठेवायचा नाही. आमच्यातल्या दोघी म्हणाल्या, गरम होतंय, पदर चुरगळतोय. मी ऐकलं नाही. 18 डिसेंबर 2024 ला मुंबईत गेटवेहून घारापुरीला निघालेल्या नीलकमल या प्रवासी बोटीला नौदलाची स्पीडबोट धडकली आणि डझनावर माणसं गेली. तिथंही किनारा काही फार लांब नव्हता. तेव्हा पट्टे ओढून बांधायचे आणि होडीत उभं राहून फोटो काढायचा नाही.

होडीवाल्या काकांनी सांगितलं की आता या होड्यांना इंजिन आहे, पण आधी शिडावर आणि वल्ह्यावर चालायच्या. शीड म्हणजे होडीला बांधलेलं मोठं कापड. त्यात वारा भरतो आणि होडी पुढं जाते. बोलता बोलता ते म्हणाले, “होडी तिथं नांगरून ठेवलीय.” आमच्या बाया हसायला लागल्या. आपल्याकडं नांगर जमीन उलटी करतो, त्यांचा नांगर होडीला जागेवर धरून ठेवतो. शब्द एकच.

इथं मी एक वेगळं सांगते. जगात अशी कुटुंबं आहेत की जी शिडाच्या होडीवरच राहतात. नवरा, बायको, लेकरं. आपल्या माजघराएवढ्या जागेत चूल, झोपायचं, लेकरांचा अभ्यास, सगळं. महिनोन् महिने पाण्यावर. काही हौसेनं करतात, काहींची तशी जातपिढीच असते. आपल्या देशातल्या बायांनीही समुद्र पालथा घातलाय. 2017 च्या सप्टेंबरात नौदलाच्या सहा बाया गोव्याहून ‘तारिणी’ नावाच्या शिडाच्या होडीवर निघाल्या आणि पृथ्वीला वळसा घालून 2018 च्या मे महिन्यात परत आल्या. पुढं 2024 च्या ऑक्टोबरात त्याच होडीवर दोघीच निघाल्या, दिलना आणि रूपा. त्याही आठ महिन्यांनी सुखरूप परतल्या.

तर हे होडीवरचं कुटुंब एखाद्या बेटाला लागलं की जमिनीवरच्या त्या एका दिवसात काय करतं? आपल्याला वाटेल, फिरत असतील, नारळपाणी पीत असतील. तेही करतात. पण पहिलं काम ठरलेलं, गोडं पाणी कुठं आहे ते शोधणं. कॅन भरून घ्यायचे, साठलेले कपडे धुवायचे, मिठानं चरचरलेलं अंग गोड्या पाण्यानं धुवायचं. मग भाजीपाला, मग इंधन, मग राहिलेल्या वेळात फिरणं. होडीवर पाण्याचा तांब्या मोजून वापरायचा असतो.

हे मी बसमध्ये सांगितलं तेव्हा मागच्या सीटवरून एक वहिनी म्हणाल्या, “म्हंजे आपल्यावानीच की. टोळी उतरली की बाप्ये मुकादमाशी बोलत बसतात आन् आपण हंडा घेऊन पानी हुडकतो.” मी काय बोलणार? खरंच आहे. कोपी नंतर उभी राहते, आधी पाणी.

म्हणून किल्ल्यात शिरल्यावर आमच्या बायांनी बुरूज विचारले नाहीत. पहिलं विचारलं, हितं प्यायला पाणी कुठंय?

किल्ल्याविषयी थोडं सांगते, कारण ते सांगितल्याशिवाय पाण्याची गंमत कळायची नाही. शिवाजी महाराजांनी 25 नोव्हेंबर 1664 ला या किल्ल्याचं काम सुरू केलं. बेटाचं नाव कुरटे. काम पाहिलं हिरोजी इंदुलकरांनी, आणि ते तीन वर्षं चाललं. अठ्ठेचाळीस एकरांचं बेट, भोवती नागमोडी तट, तटाचा फेरा तीन किलोमीटरच्या आसपास. दरवाजा असा दडवलेला की होडी अगदी जवळ येईपर्यंत दिसतच नाही. आम्ही विचारत होतो, शिरायचं कुठून? आत शिवराजेश्वराचं देऊळ आहे, राजाराम महाराजांनी बांधलेलं. तिथली महाराजांची मूर्ती बिनदाढीची, डोक्यावर कोळ्यासारखी टोपी. आमच्या आजी बराच वेळ बघत उभ्या राहिल्या. म्हणाल्या, “ह्यो आपला राजा न्हाई, ह्यो त्यांचा राजा. त्यांनी त्याला आपल्यासारखं केलंय.” महाराजांच्या हाताचा आणि पायाचा ठसाही तिथं चुन्यात जपून ठेवलाय. 2025 च्या जुलैत युनेस्कोनं मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशात घेतले, त्यात हा एक.

आता पाणी. या बेटावर तीन विहिरी आहेत, दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव. तिकडं विहिरीला बाव म्हणतात. आपली बारव आणि त्यांची बाव बहिणी-बहिणीच असणार. नावंच बघा, दूध, दही, साखर! चारी बाजूंनी खारं पाणी तटावर आपटतंय आणि आत विहिरीला गोड पाणी. बेट निवडताना आधी पाणी बघितलं असणार, हे सांगायला इतिहासकार नको. पाणी नसतं तर एवढा तट काय कामाचा? वेढा पडला तर माणसं आत तहानेनं मेली असती.

किल्ल्यात काही घरं अजून राहतात. त्यातल्या एका बाईंच्या दारात आम्ही टेकलो. आमच्या दशम्या, शेंगदाण्याची चटणी, ठेचा. त्यांनी सोलकढी दिली. “खंयसून इल्यात?” असं विचारलं त्यांनी. आम्हाला वाटलं, काहीतरी खायचं विचारतात. मग कळलं, कुठून आलात म्हणतात. बीड म्हटल्यावर त्यांना लगेच पटलं, “थंय पाणी नाय ना?” एवढ्या लांब आमची ओळख तीच. जरा राग आला, पण खोटं कसं म्हणणार?

त्यांनी सांगितलं की पावसाळ्यात होड्या बंद झाल्या की सगळा शिधा आधी भरून ठेवावा लागतो. तांदूळ, मीठ, रॉकेल, औषध. लेकरांना शिकायला, कुणाला दवाखान्यात न्यायला, सगळ्याला पलीकडंच जावं लागतं, आणि समुद्र म्हणेल तेव्हाच. ऐकून आमच्या बाया गप्प झाल्या. वाऱ्याला आणि नारळाला भुललेल्या एकीनं मघाशीच म्हटलं होतं, हितंच राहावंसं वाटतंय. ती पुन्हा ते बोलली नाही.

आमच्या अध्यक्षताईंनी विचारलं, “विहिरीवर मोटार लावून उपसा का करत नाही? बाग होईल की.” बाई हसल्या. म्हणाल्या, ही संपली तर बेटावर दुसरी बाव कुठून आणू?

या एका वाक्यावर मला थांबायचंय. बेटावर पाणी येतं कुठून? वरून. जो पाऊस बेटावर पडतो आणि मुरतो, तेवढंच. बाहेरून नदी येत नाही, कालवा येत नाही, टँकर येत नाही. मग ते खाऱ्या पाण्यात मिसळत का नाही? घरी करून बघा. एका तांब्यात भरपूर मीठ विरघळवा आणि त्यात अंडं सोडा. अंडं तरंगेल. साध्या पाण्यात तेच अंडं तळाला जाईल. म्हणजे खारं पाणी जड, गोडं हलकं. जमिनीत मुरलेलं गोडं पाणी जड खाऱ्या पाण्याच्या वर तरंगत राहतं, दुधावर साय असावी तसं. सायीएवढीच त्याची जाडी. उपसा वाढला, साय संपली की खालून खारं वर चढतं. वाळूच्या बेटांचा हिशेब शास्त्रज्ञांनी मांडलाय. गोड्या पाण्याची पातळी एक फूट खाली गेली की खालचं खारं सुमारे चाळीस फूट वर सरकतं. आणि एकदा विहीर खारट झाली की ती गोडी व्हायला वर्षानुवर्षं जातात. कोकणच्या किनाऱ्यावरही जिथं बेसुमार उपसा होतो, तिथं विहिरी खारट होतात.

आणि पाऊस म्हणाल तर तिकडं वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या पुढं पडतो. आपल्याकडं सातशेच्या आतच. तरी कोकणातल्या कितीतरी वाड्यांवर मे महिन्यात टँकर लागतो, कारण पडलेलं सगळं उतारावरून समुद्राला मिळतं. आमच्यातल्या बायांना हे पटायलाच तयार नव्हतं. चौपट पाऊस आणि वर टँकर? रस्त्यात एका वाडीत टँकरभोवती हंड्यांची रांग दिसली तेव्हा पटलं.

आता आपल्याकडं या. आपला खडक काळा पाषाण. पाणी असतं ते वरच्या मुरमात आणि खडकाच्या भेगांत. खाली खोल गेलं की भेगा कमी, पाणी कमी. तरी बोअर चाललेत, पाचशे फूट, सातशे फूट, काही ठिकाणी हजार. 2009 च्या भूजल कायद्यात शेतीसाठी साठ मीटरपेक्षा खोल, म्हणजे दोनशे फुटांखाली, विंधन विहीर घ्यायला मनाई आहे. किती जणींना हे माहीत होतं? हात वर करा म्हणाले असते, पण रेडिओवर दिसत नाही. 2016 च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. तेव्हा आपली जमीन बेटासारखीच झाली होती, फक्त भोवती समुद्र नव्हता.

आमच्या गटात एका ताईंच्या घरी तीन बोअर कोरडे गेलेत. पहिल्याला सोसायटीचं कर्ज, दुसऱ्याला सावकाराचं, तिसऱ्याला मुकादमाची उचल. ती उचल फेडायला नवरा-बायको दोघं सलग दोन हंगाम फडात. आणि आता चौथ्या बोअरसाठी गटाकडं अर्ज. पाणाड्यानं नारळ हातावर उभा करून जागा दाखवलीय म्हणे. त्या ताई आमच्यासोबत होत्या. त्या साखरबावेच्या कठड्याला हात लावून बऱ्याच वेळ आत बघत राहिल्या. मी काही बोलले नाही, सहलीत अर्जाची चर्चा करायची नसते.

दुसऱ्या दिवशी वेंगुर्ल्याला गेलो. तिथं मांडवी खाडीत ‘स्वामिनी’ महिला बचत गटाच्या बाया स्वतः होडी वल्हवून कांदळवन दाखवतात. 2017 साली त्यांनी हे सुरू केलं. सगळ्या मच्छीमार घरांतल्या. कांदळवन म्हणजे खाऱ्या पाण्यात उगवणारं जंगल, त्याची मुळं श्वास घ्यायला चिखलातून वर डोकावतात. झाडं छान होती, पण खरं सांगू का, आमच्या बायांचं लक्ष झाडांकडं नव्हतं, वल्ह्याकडं होतं. बाई वल्हवते आणि प्रवासी बसून राहतात, हे बघण्यातच त्यांचा तास गेला. उतरल्यावर आमच्या सचिवांनी हिशेबाच्या वहीविषयी असे काही प्रश्न विचारले की मला वाटलं ऑडिटच चाललंय.

आजींनी एका पाण्याच्या बाटलीत समुद्र भरून आणला. गावात आल्यावर सगळ्या लेकरांना बोटभर चाखायला दिला. लेकरं तोंडं वाकडी करून पुन्हा मागायला येतात, अजून संपलेला नाही.

परतीच्या बसमध्ये मिरजेच्या पुढं ते बोलणं आपोआप निघालं. काढलं ते तीन बोअरवाल्या ताईंनीच. म्हणाल्या, “आपल्या मारुतीच्या पाठीमागल्या आडात काय हाय आता?” मी म्हटलं, गुटख्याच्या पुड्या, निर्माल्य, एक मोडकी सायकल आणि कुणाची तरी गादी. चाळीस वर्षांपूर्वी निम्मं गाव त्या आडावर होतं, हे आजींनी सांगितलं. नळ आला, बोअर आला, आणि आडाची कचराकुंडी झाली. दुसऱ्या एका वहिनी म्हणाल्या, उपसून काय होणार, त्यात झराच राहिला नसेल. तिसरी म्हणाली, झरा नसला तर देवळाच्या पत्र्याचं पाणी त्यात सोडू. मिरजेपासून सोलापूरपर्यंत हा वाद चालला. एकमत झालं असं नाही. त्या वहिनी अजूनही म्हणतात, ही बिनपैशाची हमाली आहे, आणि ग्रामपंचायतीनं पैसे दिल्याशिवाय त्या हात लावणार नाहीत. त्यांचं म्हणणं अगदीच चूक आहे, असं मला वाटत नाही. रोजगार हमीतून गाळ काढायची मागणी आम्ही लेखी दिली आहे, पोच घेतली आहे.

चौथ्या बोअरचा अर्ज? तो ताईंनी परत घेतलेला नाही. पण “पुढच्या बैठकीत ठेवू” असं त्या स्वतःच म्हणाल्या. घरी त्यावरून भांडण चालू आहे, आणि मालक पाणाड्याला दुसऱ्यांदा बोलावणार आहेत. आम्ही त्यांना एवढंच सुचवलंय की आधी भूजल सर्वेक्षणाच्या कार्यालयात जाऊन विचारा, सोबत आमच्यातल्या दोघी येतील. गटाचे पैसे सगळ्यांच्या घामाचे आहेत, ते नारळावर देता येत नाहीत. हे मी त्यांच्या समोर बोलले आहे, म्हणून इथंही बोलते.

दुसऱ्या गटांना मालवणला जायचं असेल तर यंदा आता उशीर झालाय, होड्या बंद होतील. दिवाळीनंतर आपल्या बाया कारखान्याला जातात, म्हणजे मधले दिवस दसऱ्याच्या आसपासचेच. भिशी आत्ता धरलीत तर जमेल. किल्ल्यावर सावली कमी आहे, डोक्याला रुमाल घ्या, चपला न घसरणाऱ्या घाला. आणि प्लास्टिक परत घेऊन या. तिथं घंटागाडी येत नाही.

येत्या सोमवारी, पाऊस यायच्या आत, आम्ही आड उपसायला सुरुवात करतोय. आत उतरणार ते दोर बांधून आणि आधी हवा तपासूनच. कंदील खाली सोडून बघणार, विझला तर त्या दिवशी कुणी उतरणार नाही. बाया वर टोपली ओढायला. सकाळी सहाला, ऊन चढायच्या आत. शेजारच्या गावातल्या कुणाला यायचं असेल तर या. टोपलं आणि खोरं घरून आणा, चहा आमच्याकडं.